माचाची नारळवडी : आषाढी ते गणपती, २०२५

भाचा ओसाकाहून परत आला आणि माझ्या हातात माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा, ३० ग्रॅमचा डबा ठेवला. "मामा, चहाचं बाकी सगळं करून झालंय तुझं, आता हे बघ." परळच्या आमच्या दोन खोल्यांत एक अख्खा खण चहाचा आहे. त्यात दार्जिलिंग, बर्गामॉटचा वास दिलेला अर्ल ग्रे, मोगऱ्याचा, भाजलेल्या तांदळाचा जपानी गेनमाइचा, काश्मिरी काहवा आणि भेट म्हणून आलेली, कुणी न उघडलेली पाकिटं. बाबा त्या खणाला 'औषधांचं कपाट' म्हणतात आणि स्वतः आल्याचा सीटीसी, म्हणजे नेहमीचा दाणेदार चहा, उकळून पितात.

माचा पिऊन बघितला, आवडला. मग डोक्यात किडा शिरला की यंदा गणपतीला हिरवी नारळवडी करायची. गणपती दीड दिवसाचा, साधारण साठ माणसं येतात. अडचण अशी की नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं. म्हणजे त्या दिवशी अंदाजपंचे चालणार नाही, मापं आधीच पक्की हवीत. पाकाच्या वडीत माचा कधी आणि किती घालायचा हे मला कुठे धड मिळालं नाही, म्हणून या नोंदी.

६ जुलै, रविवार (आषाढी एकादशी)

उपासाला चहा चालतो, तेव्हा हिरवा चहाही चालतो असा निकाल मीच दिला आणि मुहूर्त केला.

ओसाकाचा डबा महाग, तो वाचवावा म्हणून घरातल्या ग्रीन टीच्या १२ पिशव्या फाडल्या आणि आतला चुरा मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवला. चार वेळा फिरवूनही पूड रवाळच. भांडं गरम झालं आणि पुडीला वाळक्या गवताचा वास यायला लागला. चाळून निघालेली दोन चमचे पूड दोन नारळांच्या खोबऱ्यात घातली. वडी झाली, पण दाताखाली कचकच आणि रंग शेणाने सारवलेल्या अंगणाचा. बाबांनी अर्धी खाल्ली. "उपास आहे म्हणून पुरे," म्हणाले.

चूक सरळ आहे. पिशवीतला चुरा दळला म्हणून त्याचा माचा होत नाही. माचासाठी चहाची झुडपं तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावलीत ठेवतात, त्यामुळे पानात हरितद्रव्य वाढतं. वाफवून वाळवलेल्या पानांचे देठ आणि शिरा काढून टाकतात आणि उरलेला मऊ भाग दगडी जात्यावर अगदी सावकाश दळतात. माझ्या पिशव्यांत देठ, शिरा सगळं होतं.

गेले : दोन नारळ (४५ रुपयांचा एक), साखर, पिशव्या, अडीच तास.

९ जुलै, बुधवार

वडी नाही केली. पण ग्रीन टी 'कडू लागतो' म्हणून आपण नाक मुरडतो, त्यात अर्धा दोष आपल्या सवयीचा आहे हे आज पटलं. आपण पाणी खदखदवून त्यातच पत्ती टाकतो. तापमापक आणला (३५० रुपये) आणि एकच पत्ती दोन तऱ्हेने केली. उकळत्या पाण्यातली पाच मिनिटांनी जिभेला चिकटली. ७५ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवलेली गोडसर लागली, मटाराच्या शेंगा उकडताना येतो तसा वास. तापमापक नसेल तर उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, तिथून कपात ओतायचं आणि मिनिटभर थांबायचं. माझ्या स्टीलच्या भांड्यांत एवढ्याने ८०च्या खाली येतं.

हे इथे लिहितोय कारण पुढच्या रविवारी मी हेच विसरलो.

१३ जुलै, रविवार

स्वयंपाकासाठीचा म्हणून विकतात तो माचा मागवला, ५० ग्रॅम ७५० रुपयांना. यंदा जगभर मागणी वाढून जपानमध्येच त्याची टंचाई आहे, त्यामुळे स्वस्तातला मिळणं कठीण. डबा उघडल्यावर पूड बोटांत घासून बघा. टाल्कम पावडरीसारखी लागली आणि रंग कोवळ्या मटाराचा असला तर ठीक. पिवळसर असेल तर परत पाठवा.

कढईत खोबरं, साखर, दूध आणि माचा हे सगळं एकदमच घातलं, कारण घरी वडीचं सगळं एकत्रच चढवतात. पंचवीस मिनिटं घोटलं. सुरुवातीला काय देखणा हिरवा! दहाव्या मिनिटाला उतरायला लागला आणि गोळा जमेपर्यंत वाळक्या मेंदीचा रंग झाला. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, लांबलेल्या उष्णतेने ते निसटतं आणि हिरव्याचा शेवाळी होतो. पालकाची भाजी झाकण ठेवून फार शिजवली की होतं तेच.

वर पूड तीन चमचे, तेही शीग भरून. मुलीने एक घास घेतला आणि म्हणाली, "बाबा, यात कारलं आहे का?"

आमच्या घरात 'चहाचा चमचा' या नावाचे तीन वेगवेगळे चमचे निघाले. लहान डिजिटल काटा घेतला, ४०० रुपये. इथून पुढे सगळं ग्रॅममध्ये.

२० जुलै, रविवार

या आठवड्यात वडी बाजूला ठेवून दोन फाटे फोडले, दोन्ही फसले.

पहिला गुलाबी वडीचा. हिरवीशेजारी गुलाबी छान दिसेल म्हणून खणातलं 'गुलाबाचा चहा' लिहिलेलं पाकीट गरम दुधात मुरवलं. मिनिटभरात दूध फाटलं आणि रंग राखाडी जांभळा, ओल्या सिमेंटचा. मग पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. गुलाबाच्या पाकळ्या नावाला, मुख्य माल हिबिस्कस. ही आपली देवाला वाहायची जास्वंद नव्हे, लाल अंबाडीची बोंडं असतात, आंबट ढाण. दुधात घालण्याआधी वासाच्या चहात काय काय आहे ते वाचावं, एवढंच. अर्ल ग्रेमधलं बर्गामॉट लिंबाच्या जातीचं असूनही दूध फाडत नाही, कारण त्यात सालीचं तेल असतं, रस नसतो. ते मी मुद्दाम करून बघितलं. खीर बरी झाली. मला आवडली, बाकीच्यांना साबणाचा वास आला.

दुसरा फाटा मोगऱ्याच्या चहाचा. चिनी जास्मिन चहात जे फूल असतं ते आपला मोगराच. संध्याकाळी मिटलेल्या कळ्या रात्री उमलताना वास सोडतात, म्हणून तेव्हा त्या चहात थरांनी मिसळतात, सकाळी चाळून काढतात, चहा वाळवतात आणि पुन्हा ताज्या कळ्या घालतात. असं बऱ्याच रात्री चालतं. म्हटलं, दादरचं फूलमार्केट दहा मिनिटांवर आहे, जमेल. मी आळस करून दोन तयार गजरे आणले आणि ते ग्रीन टीच्या डब्यात कोंबून झाकण लावलं. गजऱ्यावर दिवसभर पाणी मारलेलं असतं हे डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी डबा उघडला तर पांढरी बुरशी. १०० ग्रॅम चहा गेला, २२० रुपयांचा.

परत केला तो असा : सुट्या कोरड्या कळ्या, पेपरवर तासभर पसरलेल्या, ५० ग्रॅम चहाला मूठभर, एक रात्र, सकाळी एकूण एक फूल वेचून काढलं आणि चहा अगदी मंद तव्यावर, हाताला सोसेल इतपत गरम करून, कोरडा केला. असं दोनदा. दोन रात्रींचा वास हलका पण खरा आला. बाटलीतला वास दिलेल्या चहासारखा तो अंगावर येत नाही. खणातली जास्मिनची पाकिटं त्यानंतर उघडावीशी वाटलेली नाहीत.

२७ जुलै, रविवार

आजची नोंद महत्त्वाची आणि श्रेय शेजारच्या काकूंचं. त्या मूळच्या मालवणकडच्या, वड्या थापण्यात आयुष्य गेलेलं. मेंदीरंगाची वडी बघून त्यांनी मला विचारलं,

"वेलचीची पूड कधी घालतोस रे तू?"

"गॅस बंद केल्यावर."

"का?"

"आधी घातली तर वास उडून जातो, काकू."

"मग या पावडरीनेच काय घोडं मारलंय?"

तीन आठवडे, सहा नारळ, आणि उत्तर वेलचीच्या डबीत.

लगेच केलं. दोन नारळ, साखर, दूध कढईत घोटलं, कडा सुटून गोळा झाला, गॅस बंद केला, कढई खाली उतरवली, ४ ग्रॅम माचा वरून भुरभुरला आणि ढवळायला घेतलं. रंग! पोपटी, तसाच टिकला. पण पूड कोरडी, गोळा घट्ट. ढवळून एकजीव करेपर्यंत वडी कढईतच आळायला लागली. घाईने थापली तर आत पांढरे पट्टे, मध्ये गडद गाठी. एका गाठीवर दात पडला की तोंड कडू.

२ ऑगस्ट, शनिवार

गाठींवर तीन उपाय करून बघितले, प्रत्येकी अर्ध्या नारळाचा घाणा.

पुडीत दोन चमचे दूध घालून पेस्ट केली : गाठी गेल्या, पण वडी ओलसर राहिली, दुसऱ्या दिवशी चिकट.

पुडीत पिठीसाखर मिसळली : बरीच सुधारणा, पट्टे थोडे राहिले.

माचा बारीक चाळणीतून गाळला, त्यात पिठीसाखर आणि कोमट पातळ तूप घालून आधीच मलम केलं : झालं! गोळ्यात फिरवायला अर्ध्या मिनिटाच्या आत काम. तूप कोमटच, तापलेलं नको.

चाळणी टाळू नका. मी 'दिसतेय तर मऊ' म्हणून एकदा टाळली होती.

आणखी एक, खोबरं खवताना पाठीपर्यंत जायचं नाही. पांढऱ्या वडीत तपकिरी कण चालून जातात, हिरवीत ते मातीसारखे दिसतात. म्हणून एका नारळातून जेमतेम वाटीभरच खोबरं धरायचं.

८ ऑगस्ट, शुक्रवार (नारळी पौर्णिमा)

रंगीत तालीम. २४ वड्या, मजल्यावर वाटल्या. पांढऱ्या वडीवर वाढलेली मंडळी, त्यामुळे मतं ऐकण्यासारखी होती. पोरांनी पिस्त्याची समजून खाल्ली. एका मावशींना ती पुदिन्याची वाटली. काकूंनी शांतपणे संपवली आणि म्हणाल्या, "वेलचीने सगळं मारून टाकलंय. ही पावडर आहे कुठे यात?"

बरोबर होतं. सवयीने मी वेलचीही घातली होती. वेलची पुढे बोलत असेल तर माचाचं ऐकू येत नाही. जायफळ, केशर तर विचारूच नका.

चार वड्या खिडकीतल्या काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या, चार स्टीलच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी बरणीतल्या फिकट पिवळट, डब्यातल्या जवळपास होत्या तशा. उजेडाने रंग उडतो. देवापुढे ताट मांडायचं ते आयत्या वेळी.

१० ऑगस्ट, रविवार

वेलची काढली तर वडी ओकीबोकी वाटते. काय घालावं? गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा माजलाय, रोज बाबांच्या चहात पडतो. चार पाती गाठ मारून अर्धी वाटी दुधात उकळली, दूध गार केलं, गाळलं, तेच वडीत वापरलं. लिंबासारखा वास पण आंबटपणा नाही, त्यामुळे दूध फाटायची भीती नाही. माचाचा हिरवा कडवटपणा आणि हा वास एकमेकांना धरून राहतात. पाती काढताना नीट मोजून काढा, एक पात आत राहिली आणि ती नेमकी मुलीच्या दाताखाली आली.

उरलेल्या चक्क्यात जाता जाता माचा घातला : २५० ग्रॅम चक्का, १५० ग्रॅम पिठीसाखर, ३ ग्रॅम माचा. शिजवणं नाही, त्यामुळे रंग सगळ्यात सुंदर श्रीखंडात येतो. कष्ट वडीच्या एक चतुर्थांश. पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. मी उलट्या बाजूने आलो. दुसऱ्या दिवशी रंग जरा मळतो, तेव्हा करायचं आणि संपवायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज पाऊस म्हणजे कहर. हार्बर लोकल बंद, ऑफिसने घरूनच काम करा सांगितलं. दुपारी कॉल संपवून वडी करायला घेतली.

माचाचा डबा फ्रिजमधून काढला आणि लगेच उघडला. असल्या दमट हवेत थंड डब्याच्या आत पाणी धरलं, पुडीचे खडे झाले. साधारण १५ ग्रॅम माल, सव्वादोनशे रुपये. डबा बाहेर काढून तासभर बंदच ठेवायचा, खोलीइतका झाला की उघडायचा. आता लहान लहान पुड्या करून हवाबंद डबीत ठेवल्यात, एका वेळी एकच निघते.

वडीही आळली नाही. नेहमीच्या पंचवीस मिनिटांवर भरवसा ठेवला आणि लवकर उतरवली. ताटात थापल्यावर दोन तासांनीही सुरी चिकटत होती. या हवेत घड्याळ बघू नये. गोळ्यातला सुपारीएवढा भाग बशीत घेऊन बोटांनी वळावा. गोळी झाली, बोटाला चिकटली नाही, की उतरवावं. थापलेलं सगळं खरवडून परत कढईत घातलं, माचा आधीच आत होता, म्हणजे रंग गेला. खाल्ली आम्हीच, दोन दिवस.

२३ ऑगस्ट, शनिवार

बायको म्हणाली, मोदकच का नाहीत हिरवे? उकडीच्या पाण्यात माचा घातला, पाऱ्या पोपटी झाल्या, कळ्या मनासारख्या पडल्या. बारा मिनिटं वाफवल्यावर झाकण काढलं तर परत मेंदी. सारणात घालून बघितला, तर गुळापुढे तो दिसतही नाही, लागतही नाही. मोदक आहेत तसेच ठीक. अकरा मोदक साजूक तूप घालून संपवले, ते काही वाया गेलं म्हणता येणार नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार (हरतालिका)

रात्री साडेनऊला सुरुवात, पावणेदोनला संपलं. बायकोचा हरतालिकेचा उपास, ती कढईजवळ फक्त उभी राहिली.

तीन घाणे वेगवेगळे केले. एकाच मोठ्या कढईत सहा नारळ घातले तर गोळा जमेपर्यंत साखर पिवळी पडते आणि हिरवा मळतो. एका घाण्याचं माप :

ओलं खोबरं २ वाट्या, साखर दीड वाटी, गवती चहात उकळून गाळलेलं दूध अर्धी वाटी. मलमासाठी माचा ४ ग्रॅम, पिठीसाखर २ चमचे, तूप २ चमचे. ताटाला तूप वेगळं.

मंद ते मध्यम आच, हात थांबवायचा नाही. गोळीची परीक्षा झाली की उतरवून साठपर्यंत मोजायचं, मग मलम. थापताना वाटीच्या तळाला तूप. कोमट असतानाच सुरीने रेघा, गार झाल्यावर वड्या सोडवायच्या. घाण्याला २४, एकूण ७२.

दुसऱ्या घाण्यात मलम करायच्या आधीच गोळा तयार झाला आणि माझी धावपळ उडाली. मलम आधी, कढई मागून.

आत्याने फोनवर विचारलं होतं की रात्रीच्या आरतीनंतर पोरांनी खाल्ली तर झोप उडेल का. हिशेब केला : ७२ वड्यांत १२ ग्रॅम माचा, वडीला एक ग्रॅमचा सहावा भाग, म्हणजे कॅफिन पाचेक मिलिग्रॅम. बाबांच्या एका कप चहात याच्या कितीतरी पट असतं.

२७ ऑगस्ट, बुधवार (गणेश चतुर्थी)

नैवेद्याच्या ताटात पाच वड्या, न चाखलेल्या. नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिली मी उचलली. गाठ नाही, कडू नाही, आधी खोबरं लागतं, मग गवती चहा, आणि गिळल्यावर मागून माचा येतो. संध्याकाळपर्यंत ५८ गेल्या. भाचा आला होता, म्हणाला जपानमध्येही हा चहा प्यायच्या आधी गोड खायची पद्धत आहे, तू दोन्ही एकातच घातलंस. मी ओसाकाच्या डब्यातला माचा घोटून त्याला दिला, गरम पाणी ८० अंशांचं.

बाबांनी दोन खाल्ल्या आणि वर आल्याचा चहा मागितला.

एकूण खर्च, फसलेलं धरून : नारळ २१, म्हणजे ९४५, माचा ७५०, काटा आणि तापमापक ७५०, बुरशीचा चहा २२०, साखर, दूध, तूप, फुलं, चक्का मिळून साधारण ८००. सगळे मिळून ३,४६५ रुपये. काटा आणि तापमापक पुढेही कामाला येतील.

३० ऑगस्ट, शनिवार

स्टीलच्या डब्यात मुद्दाम मागे ठेवलेल्या दोन वड्या आज काढल्या. चौथा दिवस. रंग पहिल्या दिवसापेक्षा किंचित गडद, कडेला थोडा शेवाळी, चव तीच. एक काकूंना दिली. त्यांनी तोडून आत बघितलं, वास घेतला, आणि पुढच्या वर्षी साखर सव्वा वाटी कर म्हणाल्या.